प्रायव्हेट लायसन्स झालं, आता इन्स्ट्रुमेंट आधी की कमर्शियल?

प्रश्न थोडक्यात असा: प्रायव्हेट पायलट लायसन्स हातात आहे, लॉगबुकात ९२ तास आहेत आणि पुढे विमान उडवणं हाच पोटापाण्याचा व्यवसाय करायचा आहे. इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेरचं दिसत नसताना फक्त उपकरणांवर उडवण्याची पात्रता) आधी करावं, की नुसते तास जमवत कमर्शियलकडे (मोबदला घेऊन उडवण्याच्या लायसन्सकडे) जावं? सिम्युलेटरवर पैसे घालावेत का? आणि माणसं नेमकी कुठे अडकतात?

पहिल्याचं उत्तर एका ओळीचं आहे: आधी इन्स्ट्रुमेंट. बाकीचं मात्र लांबणार. मी बरीच वर्षं इन्स्ट्रक्टर म्हणून उजव्या सीटवर बसून हे दोन्ही शिकवतो आहे, आणि बहुतेक विद्यार्थी या दोन टप्प्यांकडे तासांची बेरीज म्हणूनच बघतात. माझ्या लेखी ही नजरेची दोन शिक्षणं आहेत. इन्स्ट्रुमेंटमध्ये मी तुमची नजर खिडकीतून काढून आत पॅनलवर आणतो. कमर्शियलमध्ये तीच नजर ओढून परत बाहेर नेतो. हा क्रम उलटा केला तर दोन्ही अर्धवट राहतात.

त्याआधी एक रुक्ष पण महत्त्वाचं काम. पुढचा एकही तास उडवण्यापूर्वी वर्ग १ ची वैद्यकीय तपासणी करून घ्या. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे इकाओच्या नियमांत कमर्शियल लायसन्ससाठी ती लागतेच. अमेरिकेत कमर्शियलला दुसऱ्या वर्गावर भागतं, पण एअरलाइनच्या कॅप्टनला तिथेही पहिलाच वर्ग लागतो. रंग ओळखण्यातला दोष किंवा हृदयाच्या आलेखातली एखादी विचित्र रेघ अर्धं प्रशिक्षण झाल्यावर कळण्यापेक्षा आज कळलेली बरी. हे काम पुढे ढकलून पस्तावलेली मुलं मी पाहिली आहेत.

आता तासांचा हिशेब, कारण तो केल्याशिवाय तुमचं पुढच्या वाचण्यात लक्ष लागणार नाही. इकाओची किमान अट अशी: इन्स्ट्रुमेंट रेटिंगसाठी पायलट-इन-कमांड म्हणून (विमानाची जबाबदारी स्वतःकडे असताना) ५० तास क्रॉस-कंट्री, म्हणजे एका विमानतळावरून दुसरीकडे जाणारी उड्डाणं, आणि ४० तास इन्स्ट्रुमेंट वेळ. कमर्शियलसाठी एकूण २०० तास, किंवा मान्यताप्राप्त सलग अभ्यासक्रम असेल तर १५०. त्यातही पायलट-इन-कमांडचे किती, रात्रीचे किती, आणि किमान ३०० नॉटिकल मैलांची, वाटेत दोन वेगवेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून केलेली एक लांब सफर, असे पोटहिशेब असतात. प्रत्येक देशाचा नियामक यावर आपली भर घालतो. अमेरिकेत कमर्शियलचा आकडा २५० आहे, आणि ठराविक मान्यताप्राप्त अभ्यासक्रमातून गेलात तर १९०. तुम्हाला लागू असलेले नियम तुम्ही स्वतः, मूळ मसुद्यातून वाचा. शाळेच्या माहितीपत्रकातून वाचू नका.

या आकड्यांत दडलेली गोष्ट अशी की इन्स्ट्रुमेंटचे ४० तास आणि ५० तासांची क्रॉस-कंट्री, दोन्ही कमर्शियलच्या एकूण बेरजेत मोजले जातात. म्हणजे ९२ वरून २०० वर जाताना तुम्हाला १०८ तास उडवायचेच आहेत. ते रविवारी सकाळी त्याच ओळखीच्या धावपट्टीभोवती गोल गोल फिरण्यात घालवायचे, की प्रत्येक तासातून काहीतरी शिकत? 'तास भरणे' हा शब्दच मला आवडत नाही. तास भरत नसतात, खर्च होत असतात.

म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो की उरलेली क्रॉस-कंट्री आधीपासूनच इन्स्ट्रुमेंटच्या पद्धतीने उडवा. हवा स्वच्छ असली तरी ठरलेल्या मार्गावरून जा, ठरलेल्या उंचीपासून १०० फुटांपेक्षा जास्त सरकू नका, प्रत्येक टप्प्याची वेळ आधी लिहा आणि पोहोचल्यावर चूक किती झाली ते शेजारी लिहा. अमेरिकेच्या नियमांत ४० पैकी १५ तासच इन्स्ट्रक्टरबरोबर सक्तीचे आहेत. बाकीचे हूड (बाहेरचं दिसू नये म्हणून डोळ्यांवर लावायचा आडोसा) घालून, शेजारी बाहेर लक्ष ठेवणारा पात्र सेफ्टी पायलट बसवून करता येतात. तशी मुभा तुमच्याकडे असेल तर वापरा, पण पहिले १५ तास इन्स्ट्रक्टरबरोबर झाल्यावर. आधी मित्राबरोबर हूडखाली उडवून पक्क्या केलेल्या चुका सोडवायला मला दुप्पट वेळ लागतो.

आता मूळ मुद्दा. इन्स्ट्रुमेंट आधी का?

१९५४ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला. इन्स्ट्रुमेंटचं प्रशिक्षण नसलेल्या २० जणांना बोनान्झा विमानात बसवून बाहेरचं दिसणं बंद केलं. वीसच्या वीस जणांच्या हातून विमानाचा ताबा गेला. सगळ्यात लवकर २० सेकंदांत, सगळ्यात उशिरा ४८० सेकंदांत, सरासरी १७८ सेकंद. तीन मिनिटंसुद्धा नाहीत. त्या प्रयोगाचा खरा उद्देश अशा लोकांना ढगातून सुखरूप मागे वळायला शिकवण्याची सोपी पद्धत शोधणं हा होता, आणि थोड्या प्रशिक्षणानंतर बहुतेकांना ते जमलंही. पण लोकांच्या लक्षात राहिला तो १७८ हा आकडा.

हे का होतं ते नीट समजून घ्या, कारण परीक्षेतही हे विचारतात आणि ढगातही. कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोकं फिरायला लागलं की त्यांतला द्रव मागे राहतो आणि मेंदूला कळतं की आपण वळतो आहोत. पण वळण अगदी सावकाश सुरू झालं तर त्यांना पत्ताच लागत नाही. आणि वळण एकाच वेगाने दहा-वीस सेकंद चालू राहिलं की द्रव नलिकेबरोबर फिरू लागतो, संवेदना थांबते आणि मेंदू म्हणतो, सरळ चाललो आहोत. विमान मात्र २० अंश कललेलं असतं. कललेल्या पंखांची उचल थोडी आडवी जाते म्हणून नाक खाली येतं, वेग वाढतो, उंची घटते. पायलटला उंची घटलेली दिसते, पण वळण जाणवत नाही, म्हणून तो योक, म्हणजे विमानाचं स्टीअरिंग, मागे ओढतो. कललेल्या विमानाचं योक मागे ओढलं की उंची वाढत नाही, वळण आवळतं. तो आणखी ओढतो. यालाच ग्रेव्हयार्ड स्पायरल म्हणतात. त्यातून बाहेर यायचा क्रम आहे: पॉवर कमी, पंख समांतर, मग हळूच नाक वर. हा क्रम अंतःप्रेरणेच्या बरोबर उलटा आहे. अंतःप्रेरणा म्हणते, आधी नाक वर.

दुसरा फसवा प्रकार मिस्ड अप्रोचच्या, म्हणजे उतरणं सोडून परत वर जाण्याच्या वेळचा. काळोखी रात्र आहे, धावपट्टी दिसली नाही, तुम्ही पूर्ण पॉवर दिली. विमान पुढे झेपावतं, पाठ सीटमध्ये दाबली जाते, आणि शरीराला वाटतं की नाक फार वर गेलं. हात आपोआप योक पुढे ढकलतो, आणि खाली जमीन दोन-तीनशे फुटांवर असते. मी हे नुसतं सांगत नाही. विद्यार्थ्याला डोळे मिटून बसवतो, स्वतः विमान हलवतो आणि विचारतो, 'आता आपण काय करतोय?' तो ठामपणे सांगतो, 'डावीकडे वळतोय.' डोळे उघडल्यावर विमान उजवीकडे कललेलं असतं. त्यानंतर मला फार भाषण करावं लागत नाही.

२४ सप्टेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर जिमी डूलिटल यांनी झाकलेल्या कॉकपिटमध्ये बसून, बाहेर काहीही न बघता उड्डाण केलं, चक्कर मारली आणि विमान उतरवलं. पुढच्या कॉकपिटमध्ये बेन केल्सी सेफ्टी पायलट म्हणून बसले होते. डूलिटल यांच्यासमोर होतं स्पेरी यांचं कृत्रिम क्षितिज, दिशादर्शक जायरो आणि कोल्समन यांचा संवेदनशील आल्टिमीटर, म्हणजे उंची दाखवणारं उपकरण. त्या दिवशी सिद्ध झालं की शरीराला बाजूला ठेवलं तर हे काम होतं. तुमच्या ट्रेनर विमानाच्या पॅनलवर आजही मुळात तेच आहे, फक्त काही विमानांत ते पडद्यावर रंगीत दिसतं.

आता शिकण्याबद्दल. पहिले दहा तास फक्त स्कॅनचे. नजर कृत्रिम क्षितिजावरून एका उपकरणावर, परत क्षितिजावर, मग दुसऱ्यावर, परत क्षितिजावर. विद्यार्थ्यांच्या चुका ठरलेल्या असतात. उंची ५० फूट सुटली की नजर आल्टिमीटरला चिकटते, आणि ती दुरुस्त होईपर्यंत दिशा १५ अंश गेलेली असते. मग नजर दिशेला चिकटते आणि उंची जाते. आपण आजारी माणसाच्या उशाशी बसतो तसं बिघडलेल्या उपकरणापाशी बसायचं नसतं. दुरुस्ती सुरू करायची आणि पुढे जायचं, फेरी पूर्ण करून परत बघायचं.

यातून सुटका करणारी एक साधी वही आहे, आणि ती तुम्हीच लिहायची आहे. हवा शांत असलेल्या एका सकाळी आपलं विमान घेऊन जा आणि नोंदी करा: सरळ समांतर ९० नॉटला किती आरपीएम लागतो, नाक क्षितिजावर कुठे असतं, मिनिटाला ५०० फूट उतरताना किती, चढताना किती, फ्लॅप्सच्या पहिल्या टप्प्यासह किती. सहा-सात ओळी होतील. पॉवर आणि नाकाची स्थिती हे दोन ठरले की विमान काय करणार ते ठरलेलंच असतं. या ओळी पाठ झाल्या की तुम्ही विमानाच्या मागे धावायचं थांबवता. आकडे ठेवायचे, ट्रिम करायचं (म्हणजे योक धरून ठेवावं लागू नये असं विमान जुळवायचं), थोडं थांबायचं, मग बारीक दुरुस्ती करायची. ट्रिमबद्दल मी इतका बोलतो की माझे जुने विद्यार्थी मला त्यावरूनच चिडवतात. बोटांनी योक घट्ट धरलं असेल तर समजा, ट्रिम झालेलं नाही.

सिम्युलेटरचा प्रश्न इथे येतो. इकाओच्या नियमात ४० पैकी २० पर्यंत तास जमिनीवरच्या उपकरणावर चालतात, आणि खऱ्या अर्थाचा फ्लाइट सिम्युलेटर असेल तर ३०. माझं मत: पहिल्या दहा तासांच्या स्कॅननंतर सिम्युलेटर अमूल्य आहे, त्याआधी मर्यादित. टेबलावरच्या उपकरणात योकला खरा दाब नसतो, त्यामुळे ट्रिमची सवय बिघडते. ते उपकरण कान फसवत नाही, हीही त्याची उणीवच. पण होल्ड (ठरलेल्या बिंदूपाशी लांबट चकरा मारत थांबणं), अप्रोचचा म्हणजे उतरण्यासाठी जवळ येण्याचा क्रम, रेडिओ, उपकरण बंद पडणं, हे सगळं तिथे शिकावं. त्याचं सर्वांत मोठं वैशिष्ट्य म्हणजे पॉजचं बटण. विद्यार्थी गोंधळला की मी चित्र थांबवतो आणि विचारतो, 'आत्ता कुठे आहोत? पुढच्या दोन मिनिटांत काय होणार?' हवेत हा प्रश्न विचारून उत्तर मिळेपर्यंत आपण तीन मैल पुढे गेलेलो असतो.

होल्डला विद्यार्थी फार घाबरतात, म्हणून त्यावर दोन शब्द. प्रवेश डायरेक्ट, पॅरलल की टिअरड्रॉप, यावर माणसं हवेत गणितं करत बसतात आणि तेवढ्यात फिक्स, म्हणजे होल्डचा ठरलेला बिंदू, ओलांडून जातो. कागदावर रेसट्रॅक काढा, आपण कुठून येतोय तिथे बाण काढा, उत्तर डोळ्यांना दिसतं. आणि पाच अंशांच्या फरकाने एका प्रवेशाऐवजी दुसरा केला तर आभाळ कोसळत नाही, संरक्षित बाजूच्या आत राहणं महत्त्वाचं. १४,००० फुटांपर्यंत आतला पाय (फिक्सकडे येणारा सरळ टप्पा) एक मिनिटाचा, वळणं वेगळं सांगितलं नसेल तर उजवी, आणि ट्रेनरच्या वेगाला वळण सेकंदाला ३ अंशांचं. ९० नॉटला ते साधारण १४ अंश कलून येतं. वारा कुठून आहे हे कळलं की बाहेरच्या पायावर (फिक्सपासून दूर जाणाऱ्या टप्प्यावर) दुरुस्ती आतल्याच्या सुमारे तिप्पट लागते, कारण दोन्ही वळणांत वारा आपल्याला ढकलत असतो आणि तिथे दुरुस्ती करता येत नाही.

आयएलएस अप्रोचवर, म्हणजे धावपट्टीजवळून येणाऱ्या रेडिओ संकेतांच्या आधारे उतरताना, सगळ्यांची एकच खोड असते: मार्ग दाखवणाऱ्या सुईच्या मागे धावणं. सुई डावीकडे गेली की विद्यार्थी १५ अंश डावीकडे वळतो, सुई धावत मध्ये येते आणि पलीकडे जाते. मी सुईकडे बोट दाखवणं बंद केलं आहे. मी म्हणतो, 'दिशा सांगा.' सुई जागच्या जागी ठेवणारी एक दिशा असते, ती शोधायची आणि धरून बसायचं. दुरुस्ती पाच अंशांची. धावपट्टी जवळ येते तसा तो पट्टा चिंचोळा होत जातो, म्हणून शेवटी दोन अंशांची. ग्लाइडस्लोप (उतरण्याचा तिरपा मार्ग) ३ अंशांचा असेल तर जमिनीच्या संदर्भातल्या वेगाला (ग्राउंड स्पीडला) पाचने गुणा: ९० नॉट म्हणजे मिनिटाला ४५० फूट. समोरून २० नॉटचा वारा असेल तर ७० नॉट, म्हणजे ३५० फूट. अप्रोच सुरू व्हायच्या आधी हा आकडा तुमच्या तोंडी असला तर सुई कधी हलणार हे तुम्हाला सुईच्या आधी कळतं.

आणि ब्रीफिंग करताना मिस्ड अप्रोच शेवटी, घाईघाईत वाचू नका. चढायचं किती, वळायचं कुठे, पहिलं पाऊल काय, हे पाठ हवं. मी विद्यार्थ्यांना सांगतो की आपण मिस्ड अप्रोचच करायला निघालो आहोत असं धरा, धावपट्टी दिसली तर उतरू. पहिल्या वर्गाच्या (कॅटेगरी १) आयएलएसला निर्णयाची उंची, म्हणजे धावपट्टी दिसली नाही तर जिथून वर जायचं ती, सहसा २०० फूट. त्या उंचीवर 'थोडं अजून बघू' म्हणणाऱ्याला मी लगेच विमान ताब्यात घेऊन परत वर नेतो, आणि त्या दिवशीचा धडा तिथेच संपतो.

जुन्या पॅनलच्या विमानात शिकत असाल तर जायरो फिरता ठेवणाऱ्या व्हॅक्यूम पंपाबद्दल सावध राहा. पंप गेला की कृत्रिम क्षितिज लगेच पडत नाही, जायरो हळूहळू मंदावतो आणि क्षितिज सावकाश कलू लागतं. विद्यार्थी त्या मरणाऱ्या क्षितिजाला समांतर ठेवण्यासाठी विमान कलवतो. टर्न कोऑर्डिनेटर, कंपास, आल्टिमीटर ओरडून सांगत असतात, पण सवय क्षितिजाची असते. म्हणून मी कधी कधी काही न बोलता ते उपकरण झाकतो, आणि झाकून ठेवतो. काचेच्या पडद्यांच्या विमानात बिघाड झाला की लाल फुली येते, म्हणजे निदान खोटं बोललं जात नाही. पण दोन्ही पडदे गेले तर उरलेल्या तीन छोट्या उपकरणांवर उडवायची तयारी तिथेही हवीच.

खऱ्या ढगात जा. हे मी आग्रहाने सांगतो. हूडच्या कडेतून प्रकाश येतो, सावली फिरते, आणि मेंदू त्या खुणा चोरतो. ४० तास हूडखाली केलेला माणूस पहिल्यांदा ढगात शिरतो तेव्हा त्याच्या श्वासाची लय बदललेली मला ऐकू येते. रेटिंग मिळण्याआधी इन्स्ट्रक्टरबरोबर काही तास तरी खऱ्या ढगात करा. अर्थात गोठणबिंदूची पातळी बघून. ट्रेनर विमानाला बर्फापासून संरक्षण नसतं, आणि दिसणारा ओलावा अधिक शून्याच्या खालचं तापमान एवढ्यावर पंखांवर बर्फ जमू शकतं. वादळी ढगांपासून किमान २० मैल दूर राहायचं, त्यात रेटिंगने काहीही फरक पडत नाही.

आता कमर्शियल. इथे मी आटोपतं घेतो, कारण इन्स्ट्रुमेंट नीट झालेल्याला हा टप्पा जड जात नाही. तो चुकतो तो दुसऱ्याच ठिकाणी: पॅनलकडे बघत राहतो. अमेरिकेच्या कमर्शियल परीक्षेत शँडेल, लेझी एट, एट्स ऑन पायलॉन्स, स्टीप स्पायरल अशा कसरती आहेत. युरोपच्या पद्धतीत यांच्याऐवजी मार्गक्रमण आणि अचानक मार्ग बदलून दुसरीकडे जाणं यावर भर असतो. पण कुठेही असा, परीक्षक बघतो ती एकच गोष्ट, तुम्ही विमान पंखाच्या टोकापर्यंत ओळखता का.

उदाहरणार्थ शँडेल: १८० अंशांचं चढतं वळण. पहिल्या ९० अंशांत कल तोच, नाक वर जात राहतं. दुसऱ्या ९० अंशांत नाक तिथेच, कल कमी होत जातो. शेवटी पंख समांतर आणि वेग स्टॉलच्या, म्हणजे पंखांची उचल तुटण्याच्या, वेगापेक्षा जरा वर. वेग घटतो तसे कंट्रोल ढिले होतात, उजवा रडर वाढवत न्यावा लागतो, आणि नाक तिथेच ठेवायला योक अधिकाधिक मागे. हे सगळं आकड्यांनी करायला गेलात तर चुकतंच. बाहेर क्षितिजावर एक टेकडी धरा, नाक तिच्या संदर्भात बघा, कुल्ल्यांखाली विमान सरकतंय का ते जाणवू द्या. शरीरावर विश्वास ठेवू नका असं आधी शिकवलेला मीच इथे शरीराचं ऐका म्हणतो. विद्यार्थी हसतात. पण फरक आहे: क्षितिज दिसत असताना शरीर मदतनीस आहे, ते नाहीसं झालं की तेच शरीर फितूर होतं.

५० अंशांच्या स्टीप टर्नमध्ये तुमच्या वजनाच्या सुमारे १.५६ पट भार येतो आणि स्टॉलचा वेग जवळपास पाव पट वाढतो. एट्स ऑन पायलॉन्स, म्हणजे जमिनीवरच्या दोन खुणांभोवती आठचा आकडा काढण्याची कसरत, किती फुटांवरून करायची ते नॉटमधल्या ग्राउंड स्पीडच्या वर्गाला ११.३ ने भागून मिळतं. १०० नॉटला सुमारे ८८५ फूट. वाऱ्याने वेग बदलला की उंचीही बदलावी लागते, यातच त्या कसरतीची सगळी गंमत आहे. माझ्या मते मात्र सर्वांत उपयोगी धडा पॉवर बंद करून १८० अंश वळून ठरलेल्या जागी उतरण्याचा. अमेरिकी परीक्षेत त्या जागेच्या अलीकडे एक फूटही चालत नाही, पलीकडे २०० फुटांपर्यंत. रोज वेगळ्या वाऱ्यात करा. इंजिन खरंच बंद पडेल त्या दिवशी हाच धडा हाताशी असेल.

कमर्शियल लायसन्सचा कायदेशीर अर्थ मात्र बहुतेकांना नीट कळलेला नसतो. ते तुम्हाला उडवण्याचा मोबदला घेण्याची परवानगी देतं. ते तुम्हाला विमान सेवा चालवण्याची परवानगी देत नाही. कुणी ओळखीचा म्हणाला, 'तू विमान भाड्याने घे, आम्हा चौघांना सोड, पैसे देऊ', तर विमानही तुमचं आणि पायलटही तुम्हीच, म्हणजे तुम्ही लोकांना वाहतूक विकताय. त्याला ऑपरेटरचा वेगळा परवाना लागतो. विमान त्यांचं असेल आणि त्यांनी तुम्हाला फक्त उडवायला ठेवलं असेल तर गोष्ट वेगळी. तरुण पायलटांनी लायसन्स गमावण्याचे जे प्रकार मी जवळून पाहिले, त्यांत वाईट उड्डाणापेक्षा अशा 'मदती' जास्त होत्या. आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग नसेल तर अमेरिकेत कमर्शियल पायलट पैसे घेऊन प्रवासी ५० नॉटिकल मैलांपलीकडे किंवा रात्री नेऊ शकत नाही. तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर त्या एका अटीतही सापडतं.

यानंतर एकाहून अधिक इंजिनांचं रेटिंग, मग शक्य असेल तर इन्स्ट्रक्टर व्हा. एअरलाइन ट्रान्सपोर्ट लायसन्सला साधारण १५०० तास लागतात, आणि ते जमवायचे अनेक मार्ग आहेत: सर्वेक्षण, जाहिरातीचे फलक ओढणं, स्कायडायव्हर सोडणं. मी अर्थातच पक्षपाती आहे, पण दुसऱ्याची चूक होताना किती वेळ हात आवरायचा आणि कधी विमान ताब्यात घ्यायचं हे ठरवताना जेवढं शिकायला मिळतं तेवढं एकट्याच्या हजार तासांत मिळत नाही.

वेळापत्रकाबद्दल: आठवड्यातून तीनदा उडवता येईल तेव्हाच सुरू करा. आठवड्याला एक धडा ठेवला तर प्रत्येक धड्याचा पहिला अर्धा भाग मागचा आठवण्यात जातो आणि ४० तासांचे ६० होतात. लेखी परीक्षा आधी उरका. हवेत अप्रोच चार्ट वाचायला शिकणं हे सर्वांत महागडं वाचन आहे. रेडिओचा क्लिअरन्स लिहून घेण्यासाठी कागदावर आधीच पाच ओळी आखा: कुठपर्यंत, कोणत्या मार्गाने, किती उंची, कोणती फ्रिक्वेन्सी, ट्रान्सपाँडरचा कोणता कोड. कंट्रोलर नेहमी जवळपास याच क्रमाने बोलतो.

चेकराइडला (परीक्षकाबरोबरच्या उड्डाण परीक्षेला) नापास होणारे बहुतेक एका चुकीने नापास होत नाहीत, त्या चुकीबद्दल पुढची पाच मिनिटं हळहळत राहिल्याने होतात. उंची १२० फूट सुटली तर मोठ्याने म्हणा, 'उंची दुरुस्त करतोय', आणि करा. परीक्षकाला दुरुस्ती दिसली की तो सहसा थांबतो.

आणि परीक्षेच्या आठवडाभर आधी इन्स्ट्रक्टरबरोबर बसून लॉगबुक ओळ न् ओळ तपासा. माझा एक विद्यार्थी उत्तम तयारीचा, हवाही छान. परीक्षकाने लांब क्रॉस-कंट्रीचं पान उघडलं, अंतर मोजलं, आणि ते अटीपेक्षा ६ मैल कमी भरलं, कारण वाऱ्यामुळे आम्ही शेवटचं विमानतळ बदललं होतं आणि माझ्याही ते नजरेतून सुटलं होतं. त्या दिवशी विमान हँगरबाहेरच आलं नाही. ती सफर आम्ही पुढच्या आठवड्यात पुन्हा केली, इंधनाचे पैसे मी दिले.